जपानमधून फॅमिकॉमच्या जुन्या कॅसेट्स आणताय? दामदुप्पट पैसे न मोजता घ्यायच्या कशा

गेल्या दिवाळीनंतर माझा आतेभाऊ ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर टोकियोला आला होता. परतीच्या आदल्या संध्याकाळी तो अकिहाबाराला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि गेमच्या दुकानांच्या भागात गेला आणि फॅमिकॉम या निन्तेन्दोच्या जुन्या गेम यंत्राच्या पिशवीभर कॅसेट्स घेऊन माझ्याकडे निशिकासाईला जेवायला आला. सांगलीला आम्ही दोघं ज्या ‘टीव्ही गेम’वर खेळायचो तो त्याने अजून जपून ठेवलाय, त्याच्यासाठी ही खरेदी. पिशवी उघडली. सात वस्तूंपैकी दोन पिवळ्या डिस्क होत्या, त्या यंत्राच्या खाचेत जाणारच नव्हत्या. एक गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत जपानी संवादांचा. एक बंदुकीचा, आणि घरी एलईडी टीव्ही. राहिलेल्या तिनांत टँकचा गेम होता, त्याला त्याने २,९८० येन मोजले होते. माझ्या घरापासून ट्रेनने चाळीस मिनिटांवरच्या दुकानात तोच गेम त्या आठवड्यात ८८० येनला होता.

दुकानदाराने त्याला काहीही खोटं सांगितलं नव्हतं. भावाचा क्रम चुकला. आधी दुकान, मग आवड, मग किंमत आणि सगळ्यात शेवटी घरचं यंत्र, असा तो गेला. तिकडून येणारे बहुतेक जण असंच करतात. खरा क्रम बरोबर उलटा आहे.

(आपण लहानपणी ‘कॅसेट’ म्हणायचो. जपानी माणसंही ‘कासेत्तो’च म्हणतात, त्यामुळे खाली तोच शब्द वापरतो.)

## १. भारतातून निघण्याआधी घरचं यंत्र तपासा

नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून जी यंत्रं घरोघरी होती, ती बहुतेक निन्तेन्दोच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. म्हणून त्यांची खाच फॅमिकॉमच्या कॅसेटला चालते. पण ‘बहुतेक’ या शब्दावर पैसे लावू नका, खात्री करा.

घरातली एखादी जुनी कॅसेट उलटी धरा आणि खालच्या सोनेरी पट्ट्या मोजा. एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ३०, मिळून ६० भरल्या तर ती फॅमिकॉमच्या मापाची. अमेरिकेत आणि युरोपात विकल्या गेलेल्या एनईएसच्या (फॅमिकॉमच्याच तिकडच्या रूपाच्या) कॅसेटला ७२ पट्ट्या असतात आणि तिचा आकारही बराच मोठा असतो. ती आपल्या यंत्रात बसत नाही. सुपर फॅमिकॉम ही तर वेगळीच पिढी. दुकानात दोन्हींचे कप्पे शेजारी शेजारी असतात आणि नावं ऐकायला सारखी, त्यामुळे इथे हमखास गोंधळ होतो.

खाचेचा आणि कॅसेटच्या खालच्या बाजूचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. यंत्र एकदा टीव्हीला जोडून चालवूनही बघा. यंत्रच बंद असेल तर कॅसेट्स आणून करायचं काय?

घरी यंत्र नसेल तर: दुकानात काचेमागे ठेवलेला लाल-पांढरा मूळ फॅमिकॉम दिसायला फार सुरेख आहे, पण भारतात खेळायला घेऊ नका. १९८३ च्या त्या यंत्रातून चित्र फक्त अँटेनाच्या वायरीने बाहेर येतं, तेही जपानच्या टीव्ही चॅनेल १ किंवा २ वर. ते चॅनेल ९० ते १०२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतात. आपल्याकडे त्या पट्ट्यात एफएम रेडिओ वाजतो, म्हणून आपला टीव्ही ते चॅनेल धरत नाही. घ्यायचाच असेल तर १९९३ चा एव्ही फॅमिकॉम घ्या. त्यातून पिवळ्या-पांढऱ्या पिनांच्या वायरीने चित्र मिळतं आणि कंट्रोलरही काढता-घालता येतात.

सावधान: जपानी अॅडाप्टर १०० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट घातलात तर जळणार. मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा. आणि हातात आला म्हणून दुसरा कुठला अॅडाप्टर लावू नका: फॅमिकॉमच्या पिनेत आतलं टोक ऋण आणि बाहेरचं धन असतं, पुष्कळशा अॅडाप्टर्समध्ये ते उलटं असतं.

## २. यादी घरीच करा

दुकानात शिरल्यावर सगळंच हवंसं वाटतं, म्हणून यादी आधीच, घरी चहा घेता घेता लिहायची. दहाच्या वर नावं नकोत.

जपानी वाचता येत नसेल तर पडद्यावर पळायचं, उडी मारायची, गोळी झाडायची, एवढंच असलेले गेम निवडा. आपण खेळायचो ते जवळपास सगळे याच जातीचे. टँकचा गेम म्हणजे नाम्कोचा ‘बॅटल सिटी’ (१९८५). मोटरसायकलचा ‘एक्साइटबाइक’ (१९८४), फुगे फोडायचा ‘बलून फाइट’ (१९८५), बर्फाचा डोंगर चढायचा ‘आइस क्लायमर’ (१९८५) हे तिन्ही निन्तेन्दोचे. गाड्या ओलांडत जायचा तो कोनामीचा ‘रोड फायटर’ (१९८५). सोनं गोळा करत शिड्या चढायचा तो हडसनचा ‘लोड रनर’ (१९८४). ‘अॅडव्हेंचर आयलंड’ मात्र त्या नावाने मागू नका. जपानमध्ये त्याचं नाव ‘ताकाहाशी मेइजिन नो बोओकेनजिमा’ (१९८६). ‘कॉन्ट्रा’ (१९८८) तिथेही महाग आहे. तो यादीत ठेवा, पण पहिल्या फेरीत घ्यायची घाई करू नका.

यादीतल्या प्रत्येक नावापुढे जपानी लिपीतलं नाव कॉपी करून ठेवा. पुढच्या पायरीत त्यावाचून अडेल, आणि काउंटरवर नुसता फोन पुढे केला तरी काम होतं.

या तीन गोष्टी यादीत नकोत:

- पिवळ्या डिस्क. त्यांना ‘डिस्क सिस्टिम’ नावाचं वेगळं जोडयंत्र लागतं. ते घेतलं तरी त्याच्या आतला रबरी पट्टा बहुतेक वेळा विरघळलेला किंवा तुटलेला असतो.
- संवादांचे गेम. ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ ढिगाने आणि स्वस्त मिळतो. स्वस्त दिसतो म्हणून लोक उचलतात आणि पहिल्याच गावात अडकतात.
- बंदुकीचे गेम. ‘डक हंट’ची बंदूक जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरच नेम ओळखते. एलसीडी-एलईडीवर बदक मरत नाही.

आणखी एक. आपल्या लहानपणच्या ‘९९९ इन १’ कॅसेट्स जपानी दुकानांत शोधू नका. त्या परवान्याशिवाय बनवलेल्या होत्या. इथे एका कॅसेटमध्ये एकच गेम असतो आणि बजेट त्या हिशेबाने करायचं.

## ३. प्रत्येक नावापुढे कमाल किंमत लिहा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात, म्हणून ही पायरी निवांत करा. एक संध्याकाळ लागते.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा: मागितलेली किंमत आणि विकली गेलेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणीही कुठल्याही कॅसेटवर १०,००० येनचं लेबल लावू शकतो. त्या भावाने ती कुणी नेली का, हा खरा प्रश्न. फोनवर नाव शोधून समोर येणारे आकडे बहुतेक मागितलेले असतात. ते बघून ‘अरे, दुकानात तर स्वस्त आहे’ असं वाटतं, आणि माणूस फसतो.

विकलेल्या किमती अशा काढायच्या:

अ. जपानच्या याहू ऑक्शनवर ‘राकुसात्सु सोओबा’ म्हणजे पूर्ण झालेल्या लिलावांचे भाव दिसतात. मर्कारी या जुन्या वस्तू विकायच्या जपानी अॅपवर ‘उरिकिरे’ म्हणजे विकल्या गेलेल्या वस्तूंपुरती गाळणी लावता येते. कॉपी केलेलं जपानी नाव इथे टाका.

ब. फक्त तुमच्यासारखीच स्थिती मोजा. नुसती कॅसेट हवी असेल तर खोका आणि पुस्तिकेसकट विकलेल्या बाजूला काढा. खोक्यामुळे भाव कितीतरी पटीने वाढतो. पाच-दहा गेमचे गठ्ठेही सोडून द्या.

क. अलीकडचे दहा सौदे लिहा. सगळ्यात वरचे दोन आणि खालचे दोन खोडा. उरलेल्या सहांच्या मधोमध जो आकडा येतो, तो चालू भाव.

ड. दुकानं स्वतः ती कॅसेट कितीला विकत घेतात, तेही बघा. ‘काइतोरी’ म्हणजे खरेदीचा भाव. सुरुगाया आणि इतर बऱ्याच दुकानांच्या संकेतस्थळांवर तो उघड लिहिलेला असतो. दुकान जी वस्तू १०० येनला घेतं, ती ३०० ला विकली तर त्यात गैर काही नाही: जागेचं भाडं आहे, साफसफाई आहे, चालवून बघणं आहे, काही कॅसेट्स वर्षभर पडून राहतात. पण १०० ला घेतलेली १,५०० ला असेल, तर तो वाट चुकलेल्या पाहुण्यासाठी लावलेला भाव समजा.

माझा स्वतःचा नियम: चालू भावावर पंचवीस टक्क्यांपर्यंत जास्त द्यायला माझी हरकत नसते, पण दुकानाने कॅसेट चालवून पाहिलेली असेल आणि बदलून द्यायची हमी असेल तरच. समजा चालू भाव ८०० येन निघाला, तर हमीसह १,००० पर्यंत. हमी नसेल तर ८०० च्या आत. हा आकडा यादीत लिहून टाका. दुकानात तो बदलायचा नाही.

ईबेचे भाव जपानमधल्या खरेदीसाठी धरू नका. त्यात परदेशी पाठवणीचा खर्च, कमिशन आणि विक्रेत्याचा नफा मिसळलेला असतो. जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ची एक प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलर्सना गेली, ही बातमीही मनातून काढा. ती अमेरिकेतली, कारखान्यातून निघाल्यापासून न उघडलेली आणि प्रतवारी केलेली प्रत होती. मारिओ म्हटलं की महाग, असा अर्थ त्यातून निघत नाही.

तपासा: प्रत्येक नावापुढे जपानी लिपीतलं नाव, चालू भाव आणि कमाल किंमत, तिन्ही आहे ना? एक जरी राहिलं असेल तर अजून घराबाहेर पडू नका.

## ४. दुकानांचा क्रम

अकिहाबारा शेवटी. तिथे जगभरचे पाहुणे येतात, दुकानांची भाडी मोठी आहेत आणि मालाची निवड उत्तम आहे. या तिन्हींचा भार किमतीवर पडतो. ओसाकाच्या देन देन टाउनमध्ये आणि टोकियोतल्या नाकानो ब्रॉडवेला साधारण हेच चित्र.

आधी उपनगरातली हार्ड ऑफ, हॉबी ऑफ आणि बुक ऑफ ही जुन्या वस्तूंची दुकानं बघा. सगळ्या शाखांत फॅमिकॉम नसतं, निघण्याआधी नकाशावरचे फोटो बघून घ्या. हार्ड ऑफमध्ये ‘जंकु’च्या टोपल्या असतात. न तपासलेला, परत न घेतला जाणारा माल त्यात असतो. काही शे येनात चांगली कॅसेट मिळून जाते, पण चालेल की नाही ही जोखीम आपली. बऱ्याच शाखांत माल लावून बघायची जागा असते. काउंटरवर विचारा.

उपनगरात यादीतलं जे मिळणार नाही, तेवढ्यासाठीच अकिहाबारा. हातात एकच दिवस असेल तर सकाळ उपनगराला द्या.

## ५. लेबल वाचा

फोनच्या कॅमेऱ्यातून भाषांतर केलं तर या छोट्या लेबलांचा अर्थ बऱ्याचदा विचित्र येतो. म्हणून एवढे शब्द कानावर असू द्या:

- दोओसा काकुनिन झुमि: चालवून पाहिलेली. मिकाकुनिन: चालवून न पाहिलेली.
- हाको-सेत्सु त्सुकि: खोका आणि पुस्तिकेसकट. सोफुतो नोमि: नुसती कॅसेट.
- नान आरि: काहीतरी दोष आहे. कुठला, ते विचारा.
- हियाके: उन्हाने पिवळी पडलेली किंवा रंग उडालेली.
- नामाए काकि: वर कुणाचं तरी नाव लिहिलेलं.
- देन्चि गिरे: आतली बॅटरी संपलेली.
- झेइकोमि: करासह. झेइनुकि: कर वेगळा, म्हणजे वर १० टक्के.

‘नामाए काकि’ दिसलं की मी थांबतोच. मागच्या बाजूला मार्करने काढलेली वाकडीतिकडी हिरागाना अक्षरं, कधी शाळेतला वर्गही. कुणीतरी लहानपणी मित्राकडे खेळायला नेताना लिहिलेलं असतं. संग्राहकांना ते नको असतं, म्हणून भाव उतरतो. आपल्याला खेळायचंय. अशी कॅसेट आधी उचला.

## ६. हातात घेऊन बघा

काचेमागची वस्तू मागताना ‘मिते मो इइ देस का?’ एवढं म्हटलं तरी पुरतं. मग याच क्रमाने बघा.

१. खालच्या पट्ट्या. दुकानातल्या दिव्याखाली कॅसेट तिरपी धरा. काळपट थर चालेल, तो पुसला जातो. हिरवट बुरशीसारखे डाग किंवा सोनेरी मुलामा खरवडून आतलं तांबं दिसत असेल, तर ठेवून द्या.

२. जोड. फॅमिकॉमच्या बहुतेक कॅसेट्सना स्क्रू नसतात, दोन अर्धुकं आतल्या खटक्यांनी अडकवलेली असतात. जोडावर स्क्रू ड्रायव्हरने उचकटल्याच्या खुणा असतील तर कुणीतरी ती उघडलेली आहे. का उघडली, ते विचारा.

३. हलवून बघा. कानाजवळ हळू हलवा. आत काही खुळखुळलं तर नको.

४. लेबल आणि क्रमांक. निन्तेन्दोच्या स्वतःच्या कॅसेटवर ‘एचव्हीसी’ने सुरू होणारा क्रमांक असतो. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ला एचव्हीसी-एसएम, ‘एक्साइटबाइक’ला एचव्हीसी-ईबी, ‘बलून फाइट’ला एचव्हीसी-बीएफ. क्रमांक आणि चित्र जुळत नसेल, छपाई धुरकट असेल किंवा लेबलाचा कागद नवा कोरा चकचकीत असेल, तर लेबल नंतर चिकटवलेलं आहे.

५. बॅटरीचा गेम आहे का? खेळ साठवून ठेवणाऱ्या कॅसेटमध्ये बटण सेल झाळलेला असतो आणि तो आता तीसहून अधिक वर्षांचा आहे. ‘होशि नो काबि’ (१९९३) हा किर्बीचा गेम घेताना हे लक्षात ठेवा. सेल संपला तरी गेम चालतो, फक्त साठवलेलं टिकत नाही. वर यादीत दिलेल्या साध्या गेमना बॅटरी नसते.

सावधान: शेवटच्या काळातल्या काही कॅसेट्समध्ये कंपनीची स्वतःची जादा चिप असते, आणि आपल्याकडची नकली यंत्रं त्या चिपपाशी अडखळतात. ‘अकुमाजोओ देन्सेत्सु’ (१९८९) हा त्यातला प्रसिद्ध गेम. नकली यंत्रासाठी १९८६ पर्यंतचे गेम सगळ्यात निर्धोक.

## ७. काउंटरवर

घासाघीस करू नका. जपानी दुकानात लेबलावरचा भाव तोच भाव, मागणी घातली की समोरचा माणूस नुसता अवघडतो. सुट्टीच्या दिवशीच्या फ्ली मार्केटमध्ये सभ्यपणे विचारायला हरकत नाही.

पैसे देण्याआधी दोन प्रश्न: चालवून दाखवाल का? हमी किती दिवसांची? ‘होशोओ’ म्हणजे हमी. ती आठवड्याची असते, कुठे महिन्याची. परतीच्या आदल्या रात्री खरेदी केली तर हमीचा काही उपयोग नाही, म्हणून पहिल्या दोन दिवसांत खरेदी उरका. पावती जपा, वस्तू बदलायला आणि विमानतळावर विचारलं तर किंमत दाखवायला ती लागते.

यादीत नसलेली वस्तू आवडली? खाली ठेवा, बाहेर या, तिसऱ्या पायरीतला भाव काढा, मग परत आत जा. दहा मिनिटं लागतात. या दहा मिनिटांत माझी तरी निम्मी खरेदी गळून पडते.

## ८. घरी आल्यावर पहिल्यांदा लावताना

आणलेली कॅसेट तशीच खुपसू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं. कानाच्या काडीचा कापूस त्यात ओला करा आणि पट्ट्यांवरून वरून खाली फिरवा, आडवा नाही. कापूस काळा निघायचा थांबेपर्यंत काड्या बदला. मग दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या. सॅंडपेपर नको, पेट्रोल नको. लहानपणी फुंकर मारायचो तीही नको, थुंकीची वाफ पट्ट्यांवर बसते आणि हळूहळू त्या गंजतात.

यंत्र बंद असतानाच कॅसेट घाला, चित्राची बाजू तुमच्याकडे. नकली यंत्रांची खाच कधी सैल असते, कधी घट्ट. दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाब द्या, डावी-उजवी हलवू नका. मग बटण.

पडदा करडाच राहिला किंवा चौकोनांची रांगोळी दिसली, तर घाबरू नका. बंद करा, कॅसेट काढा, पुन्हा पुसा, पुन्हा लावा. आतेभावाचा ‘बॅटल सिटी’ सांगलीला चौथ्या खेपेला लागला. त्यानंतरही लागला नाही, तर जुनी, नक्की चालणारी एक कॅसेट लावून बघा. ती लागली तर दोष नव्या कॅसेटमध्ये, आणि तीही अडली तर यंत्राची खाच साफ करायची वेळ झालीय.